१८५ अंश, पण कशाचे?

भाचा जर्मनीत नोकरीला आहे. झोपेची तक्रार जुनी, म्हणून हल्ली कॅमोमाइलची फुलं, लॅव्हेंडर असलं काहीबाही तापवून त्याची वाफ घेतो. त्यासाठीचं यंत्र त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चष्म्याच्या डबीएवढं, वर तोंडात धरायची नळी, खाली पाला भरायची इवलीशी वाटी आणि पोटावर चमकणारा आकडा.

"मावशी, तू दिवसभर हेच करतेस ना? मग सांग, इथे १८५ दिसतंय ते खरं आहे का?"

"खरं असेल. पण १८५ कशाचे?"

"कशाचे म्हणजे? अंश सेल्सियस."

"ते कळलं रे. कुठल्या वस्तूचे?"

तो गप्प झाला. पुढचे तीन रविवार आमचे ह्याच प्रश्नात गेले.

मी इंदुरात राहते आणि पीथमपूरच्या औषध कारखान्यांमध्ये कॅलिब्रेशनचं काम करते. म्हणजे ओव्हन, ऑटोक्लेव्ह, शीतखोल्या ह्यांच्यावर जो आकडा दिसतो तो आमच्या ‘मास्टर’ थर्मामीटरशी ताडून बघायचा आणि फरक किती तो कागदावर लिहून द्यायचा. बावीस वर्षं हे केल्यावर कुठल्याही आकड्यावर सरळ विश्वास ठेवायची सवय जाते. घरच्यांना ह्याचा वैताग येतो, पण ते असो.

वाफारा, धुरी आणि मधली जागा

औषधी पाल्याचा अर्क श्वासातून घ्यायच्या आपल्याकडे दोन जुन्या रीती. एक वाफारा. सर्दी झाली की पातेल्यात पाणी, त्यात निलगिरीचे दोन थेंब नाहीतर मूठभर ओवा, डोक्यावर टॉवेल. ह्यात तापमानाची काळजी कुणीच करत नाही, कारण ती पाणी करतं. पाणी एकदा उकळलं की गॅस कितीही मोठा करा, वाफ जास्त होईल पण तापमान तिथेच राहील. तेही इंदुरात शंभर नव्हे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहोत, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून इथे पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. इंदुरी पोह्यांची परात सकाळपासून उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते आणि तरी पोहे करपत नाहीत, ते ह्याच कृपेने. खालून ९८ च्या वर काही येतच नाही.

दुसरी रीत धुरी. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकायचे. लाल निखारा सहाशे-सातशे अंशांचा तरी असतो. तिथे पाला तापत नाही, जळतो. सुगंधी तेलं हवेत जातात तशी डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि डोळे चुरचुरवणारं बाकी सगळंही जातं.

भाच्याचं यंत्र ह्या दोन्हींच्या मधल्या जागेत काम करतं, ढोबळमानाने १३० ते २३० अंशांत. पाण्याच्या वाफेला जे जमत नाही तेवढं तापवायचं, पण पेटू द्यायचं नाही. निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक सिनिओल १७६ अंशांच्या आसपास उकळतो, पुदिन्यातलं मेंथॉल २१२ ला, ओव्यातलं थायमॉल २३२ ला. अर्थात वाफ व्हायला उकळायलाच हवं असं नाही. दोरीवरचे कपडे ४० अंशांत वाळतातच. पण जितकं उकळबिंदूच्या जवळ जावं तितकं तेल झपाट्याने उडतं. दुसऱ्या बाजूला, २०० ओलांडले की पाला तपकिरी होऊ लागतो आणि आणखी वर गेलं की करपतो. करपलं की धूर आला, आणि मग शेगडीच काय वाईट होती?

एवढ्या अरुंद पट्टीत २० अंशांची चूक म्हणजे एका टोकाला नुसती गरम हवा, दुसऱ्या टोकाला करपट वास. म्हणून आकडा खरा की खोटा ह्याला इथे महत्त्व आहे. गीझरवर ५५ ऐवजी ५८ असले तर कुणाचं काही अडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. वाचून कुणी हे यंत्र मागवायला जाईल. भारतात २०१९ च्या ई-सिगारेटबंदी कायद्याची व्याख्या रुंद आहे: एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफारा तयार करणारं विजेवरचं उपकरण, त्यात निकोटिन असो वा नसो. अशा वस्तूचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळ्याला बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाच्यालाही मी सांगून ठेवलंय, दिवाळीला येशील तेव्हा ते तिकडेच ठेवून ये. आणि धूर नाही म्हणजे फुफ्फुसांना काहीच त्रास नाही, असाही अर्थ कुणी काढू नये. मी इथे फक्त तापमानाबद्दल बोलतेय. तेवढाच माझा अधिकार.

आकडा कुणाचा?

यंत्राच्या आत तापमान मोजणारा एक बारीक मणी किंवा पत्री असते. आम्ही तिला सेन्सर म्हणतो. ती बसवलेली असते हीटरला चिकटून किंवा वाटीच्या भिंतीच्या मागे. पाल्यात ती नसते. पाला रोज बदलायचा, वाटी रोज घासायची, तिथे नाजूक तार टिकणार कशी? तेव्हा पडद्यावर १८५ येतं ते सेन्सरच्या स्वतःच्या अंगाचं तापमान. ते बहुतेक खरं असतं. पाल्याला किती ताप आहे ते यंत्राला ठाऊकच नसतं, ते तो अंदाजाने सोडून देतं.

इथल्या सराफा बाजारात रात्री जिलेबीवाला कढईसमोर बसतो त्याला विचारा. त्याच्याकडे थर्मामीटर नाही. पिठाचा एक थेंब तुपात सोडतो, तो किती वेळात वर येतो ते बघतो. पाकाची तार दोन बोटांत ओढून बघतो. म्हणजे तो तपासतो ते माल. बर्नर किती तापलाय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. भाच्याचं यंत्र नेमकं उलटं करतं, बर्नरला हात लावून जिलेबीबद्दल बोलतं.

आमच्या कामातही हे रोजचं आहे. औषधाच्या कुप्या निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हवर १२१ अंश दिसतात. त्या एका आकड्यावर कुणी सही करत नाही. आत ठिकठिकाणी डझनभर, कधी जास्त, थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायच्या तारा सोडतात आणि सगळ्यात थंड कोपरा कुठला ते शोधतात. बहुतेकदा तो खाली, पाणी निचरतं तिथे सापडतो. त्या थंड कोपऱ्याला १२१ मिळाले तरच माल पुढे. कारखान्यातल्या कपाटाएवढ्या यंत्रात इतका फरक पडतो, तर खिशातल्या डबीत पडणार नाही असं कसं?

तर दुसऱ्या रविवारी आम्ही भाच्याच्या डबीचं मॅपिंग केलं, म्हणजे आत खरोखर किती ताप आहे ते मोजलं. त्याच्याकडे मल्टिमीटर होता, त्याला लागणारी एक मिलीमीटर जाडीची के-टाइप थर्मोकपलची तार त्याने मागवली. आधी मी त्याला ती उकळत्या पाण्यात बुडवायला लावली. त्याच्या गावात पाणी ९९ च्या थोडं वर उकळायला हवं, मीटर म्हणाला १०१. म्हणजे मीटर दोनाने पुढे. वजा करायचे. मग बर्फाच्या चुऱ्यात: मीटर म्हणाला २. तिथेही दोन. बरं झालं, फरक सगळीकडे सारखा होता. घरच्या घरी मीटर पारखायची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत इमानदार रीत आहे. फक्त इंदुरात करायची तर ९८ शी ताडा, १०० शी नको. शंभराशी ताडाल तर चांगला मीटर फेकून द्याल.

मग वाटीत कॅमोमाइल भरून तार मधोमध खुपसली आणि यंत्र १८५ वर लावलं. चाळीसेक सेकंदांत यंत्र थरथरलं, पडद्यावर १८५ आले. "तयार!" भाचा म्हणाला.

"तारेवर किती?"

"एकशे... एकवीस?"

दोन मिनिटांनी १५८. पाच मिनिटांनी १७२, आणि तिथेच थांबलं. मग त्याने नळीतून एक लांब श्वास ओढला, आकडा धडाधड उतरून १५० ला आला. पडद्यावर ह्या सगळ्या वेळात काय होतं? १८५. एकदा क्षणभर १८४ चमकून गेलं, एवढंच. शेवटी पाला काढून तार भिंतीला दाबून धरली तर १८३ मिळाले. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. ते भिंतीबद्दल बोलत होतं.

(आमची तारही पूर्ण इमानदार नाही, हे सांगायला हवं. धातूची तार स्वतः उष्णता बाहेर वाहून नेते. आमच्यात नियम असा की प्रोबच्या जाडीच्या निदान दहापट लांबी आत बुडालेली हवी. एक मिलीमीटर तारेला दहा मिलीमीटर, आणि वाटी होती जेमतेम बारा मिलीमीटर खोल. तेव्हा खरा आकडा १७२ पेक्षा दोन-चार जास्त असू शकेल. १८५ मात्र नक्की नाही.)

उष्णता जाते कुठे?

वाळका पाला म्हणजे रजईच. मध्ये अडकलेली हवा उष्णता पुढे सरकू देत नाही. भिंत तापली तरी मध्यभागी ऊब पोचायला वेळ लागतो, म्हणून ते १२१. पाला सैल भरला तर आणखी वेळ, ठासून भरला तर भिंतीलगतचा आधी करपतो आणि मधला हिरवाच राहतो. शिळोप्याच्या गप्पांमध्ये लोक सांगतात की अमुक यंत्र ‘गरम चालतं’, तमुक ‘थंड चालतं’. त्यातला अर्धा भाग यंत्राचा आणि अर्धा भरणाऱ्या बोटांचा.

त्यात ओल. समजा ०.२ ग्रॅम पाला भरला आणि त्यात दहा टक्के पाणी आहे. ते ०.०२ ग्रॅम पाणी उडवायलाच ४५ ज्यूल लागतात. उरलेला कोरडा पाला ३० वरून १९० अंशांवर न्यायला साधारण तेवढेच. म्हणजे दहा टक्के ओलीने खर्च दुप्पट झाला! पावसाळ्यात बरणीचं झाकण सैल राहिलं तर तोच १८५ चा आकडा वेगळा माल देतो, त्याचं कारण हे.

आणि मग श्वास. काही यंत्रांत भिंत पाल्याला शेकते, तव्यावरच्या पोळीसारखी. काहींत गरम हवा पाल्यातून जाते. दुसऱ्या प्रकाराचा हिशोब करून बघू. दहा सेकंदांत एक लिटर हवा ओढली, तर ती हवा सव्वा ग्रॅमच्या जरा आत भरते. तिला ३० वरून १८० वर न्यायला १८० ज्यूल लागतात, म्हणजे दहा सेकंद सलग १८ वॅट. हाच श्वास दुप्पट वेगाने ओढला की ३६ वॅट हवेत. छोट्या बॅटरीच्या आणि हीटरच्या आवाक्याबाहेर गेलं की हवा थंडच निघणार, पडद्यावर काहीही असो. इंदुरात जानेवारीच्या पहाटे ८ अंश आणि मे महिन्यात ४२ असतात. तीच हवा १८० वर न्यायला जानेवारीत मेपेक्षा जवळजवळ पाव हिस्सा जास्त उष्णता लागते.

म्हणून टेबलावर ठेवायची, भिंतीतल्या प्लगवर चालणारी मोठी यंत्रं ह्यात उजवी ठरतात. जर्मनीतल्या टुटलिंगेन गावच्या श्टोर्झ अँड बिकेल कंपनीचं व्होल्कॅनो हे त्यातलं नावाजलेलं. त्यात जडसा तापलेला ठोकळा असतो आणि पंपाने हवा ठरावीक वेगाने ढकलून एका फुग्यात भरतात. मला त्यातली फुग्याची युक्ती जास्त आवडली. माणसाचा श्वास हा सगळ्यात बेभरवशाचा भाग, तोच हिशोबातून काढून टाकला. फुगा भरून झाला की माणसाने सावकाश घ्यावं. जड ठोकळ्याचं तर आपल्याला सांगायलाच नको, बिडाचा तवा आणि पत्र्याचा तवा ह्यांतला फरक कुठल्याही पोळीवालीला विचारा.

एक अंश दाखवणं आणि एक अंश कळणं

डबीच्या खोक्यावर छापलेलं होतं, ‘अचूकता ±१ अंश’. भाचा ह्यावर अडून बसला. "लिहिलंय म्हणजे तपासलंच असेल ना!"

इथे तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, आणि लोक त्या सर्रास एकत्र करतात. पडद्यावर १८४, १८५, १८६ असे एकेक अंश दिसतात, ती बारकाई. तीच वाटी, तोच पाला, तीच वेळ दिल्यावर रोज तेच तापमान मिळतं का, ती पुनरावृत्ती. आणि मिळालेलं तापमान खऱ्या तापमानाच्या किती जवळ आहे, ती अचूकता. घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर सेकंदकाट्यामुळे त्याची बारकाई झकास, रोज तेवढंच पुढे असल्यामुळे पुनरावृत्ती झकास, आणि अचूकता शून्य. तरी त्या घड्याळावर अख्खं घर शाळा-ऑफिस सांभाळतं, कारण सगळ्यांना ठाऊक असतं की ते दहा मिनिटं पुढे आहे. स्वस्त यंत्रांचंही तसंच. बारकाई सगळ्यांकडे असते, पडद्यावर आकडा लिहायला काय लागतं? पुनरावृत्ती बऱ्याच जणांकडे असते. अचूकतेला पैसे पडतात.

कसे पडतात ते सेन्सर बघून कळेल. ह्यात तीन-चार जाती आहेत.

पहिली आणि स्वस्त, एनटीसी थर्मिस्टर. तापला की त्याचा विजेला होणारा रोध उतरतो. खोलीच्या तापमानाला १० हजार ओहम असलेला नेहमीचा मणी २०० अंशांना जेमतेम ७५ ओहमवर येतो. खाली प्रत्येक अंशाला शेकडो ओहम बदलत होते, वर एक-दीड ओहम. म्हणजे जिथे आपल्याला बघायचंय नेमकं तिथेच त्याची नजर अधू होते. त्यासाठी वेगळ्या जातीचा, जास्त रोधाचा मणी वापरावा लागतो. कुणी वापरतं, कुणी नाही.

दुसरी थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडल्या आणि ते टोक तापवलं की अगदी थोडा विद्युतदाब तयार होतो, के-टाइपला दर अंशी सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. चांगल्या प्रतीच्या तारेलाही ±१.५ अंश फरक नियमातच मान्य आहे, दुसऱ्या प्रतीला ±२.५. शिवाय थर्मोकपल फक्त दोन टोकांतला फरक सांगतो, म्हणून थंड टोकाचं तापमान दुसरा सेन्सर लावून मिळवावं लागतं. खिशातल्या डबीत ते थंड टोक हीटरपासून बोटभर अंतरावर, स्वतःच तापत बसलेलं. आली का पंचाईत?

तिसरी आमची लाडकी, पीटी-१००. प्लॅटिनमची बारीक तार, शून्य अंशाला १०० ओहम, शंभराला १३८.५, दोनशेला १७५.९. कारखान्यात तिला सगळे आरटीडीच म्हणतात. सरळ, शहाणी, वर्षानुवर्षं फारशी न भरकटणारी. तरी ब वर्गाच्या आरटीडीला २०० अंशांवर ±१.३ अंश सूट असते. म्हणजे खोक्यावरचा ±१ खरा करायचा तर नुसता सेन्सरच अ वर्गाचा हवा, आणि मग बाकी सर्किटची चूक, जागेची चूक वेगळीच.

चौथा प्रकार चलाखीचा. वेगळा सेन्सर ठेवायचाच नाही, हीटरच्या तारेचाच रोध मोजून तापमान काढायचं. कल्पना सुरेख, पण स्टेनलेस स्टीलच्या तारेचा रोध दर अंशी हजारात एका भागाहूनही कमी वाढतो. अर्ध्या ओहमची तार धरा: एका अंशाला ०.०००४५ ओहम. आता जोडणीवर थोडी काजळी बसली, स्क्रू जरा सैल झाला आणि एक शतांश ओहम वाढला. यंत्राला वाटणार, तार २२ अंशांनी तापली! ते हीटर मंद करणार, आणि भाचा म्हणणार, आज चव का नाही?

तेव्हा मी त्याला म्हटलं, खोक्यावर लिहिणाऱ्याला विचार: ±१ कशाचा, कुठे, किती वेळाने, श्वास ओढताना की न ओढता? आमच्या प्रमाणपत्रावर ह्यातलं प्रत्येक लिहावं लागतं, शिवाय आमच्या स्वतःच्या मोजणीत किती अनिश्चितता आहे तेही. ती ओळ नसेल तर ऑडिटर कागद परत करतो. खोक्याला ऑडिटर नसतो.

दूध उतू जाऊ नये म्हणून

मोजणं झालं, आता धरून ठेवणं. जुन्या इस्त्रीत दोन धातूंची पट्टी असते. तापली की वाकते, टक् करून वीज तोडते. गार झाली की परत टक्. तापमान दोन टोकांत झुलत राहतं. कपड्यांना चालतं.

बऱ्या यंत्रांत पीआयडी असतं, म्हणजे तापमान धरून ठेवायची एक रीत. नाव अवघड, पण दूध तापवणारी प्रत्येक बाई ते करते. दूध अजून किती गार आहे त्या मानाने आच ठेवायची, हा पी. बराच वेळ झाला तरी हवं तेवढं तापत नाहीये, तर आच थोडी थोडी वाढवत न्यायची, हा आय. आणि साय फुगून भरभर वर येतेय असं दिसलं की उतू जायच्या आधीच गॅस बारीक करायचा, हा डी. ज्यांचं दूध रोज उतू जातं त्यांचा डी कमजोर. पाव, अर्धा, एक लिटर, पातेलं बदललं की हे तिन्ही अंदाज बदलावे लागतात. तापमान सांभाळणारा कंट्रोलर बसवताना आम्ही ह्यासाठीच ऑटो-ट्यून चालवतो, म्हणजे हे तिन्ही अंदाज त्याला स्वतःच जुळवायला लावतो.

कारखान्यातल्या कंट्रोलरवर दोन आकडे असतात, वर पीव्ही म्हणजे आत्ताचं मोजलेलं, खाली एसव्ही म्हणजे लावलेलं. ह्या डब्यांमध्ये बरेचदा एकच आकडा असतो, आणि तो कुठला ते कुणी सांगत नाही. काही फक्त लावलेलाच दाखवतात. काही मोजलेला दाखवतात, पण एवढा गुळगुळीत करून की चढउतार दिसूच नये. भाच्याची डबी दुसऱ्या पंथाची असावी. श्वास ओढताना भिंतही थोडी गार व्हायला हवी होती, पडद्यावर एका अंशाने क्षणभर हालचाल झाली. इतकं शांत तापमान मला औषध कारखान्यातही बघायला मिळत नाही.

बंदूक रोखण्याआधी

भाच्याच्या एका मित्राने इन्फ्रारेड बंदुकीने तपासून सांगितलं होतं की यंत्र साफ खोटं आहे, १८५ ला बंदूक ७० दाखवते. करोनात सगळ्यांच्या कपाळावर रोखली गेली तिचीच ही मोठी बहीण. ही बंदूक वस्तूतून निघणारी उष्णकिरणं मोजते, आणि चकचकीत धातू ती फार कमी सोडतो. त्याऐवजी आरशासारखी समोरच्या भिंतीची किरणं परतवतो. मी भाच्याला कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं. घासून लखलखीत केलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, बाहेरून बंदूक रोखली: ४७. त्याच जागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला, परत रोखली: ९५. आईने ओट्यापाशी उभं राहून हे पाहिलं आणि विचारलं, "मग पाणी उकळलंय की नाही?"

शिवाय बंदूक एका बिंदूला बघत नाही. नेहमीच्या १२ ला १ वाल्या बंदुकीला फूटभरावरून इंचाचं वर्तुळ दिसतं. सेंटिमीटरभर तोंडाच्या वाटीत तिला अर्धं टेबलच दिसणार. मित्राचे ७० त्यातले.

तिसऱ्या रविवारी भाच्याने विचारलं, मग आता ह्या १८५ चं करू काय, फेकून देऊ? मी म्हटलं, कशाला? भिंत रोज तिथेच जातेय, पुनरावृत्ती चांगली आहे. पाला बारीक आणि कोरडा ठेव, दर वेळी तेवढाच भर, यंत्र थरथरलं की लगेच ओढू नकोस, पाच मिनिटं थांब, श्वास सावकाश घे. वाटी घासत जा, चिकट थर साचला की भिंत आणि पाल्यामध्ये आणखी एक रजई येते. आणि उरलेला पाला बघ. सगळा एकसारखा फिका तपकिरी असेल तर ठीक. कडेला काळा आणि मध्ये हिरवा असेल तर आकडा नको, भरण बदल. आमचा जिलेबीवाला हेच करतो.

आमच्याकडे तपासलेल्या प्रत्येक यंत्रावर एक चिठ्ठी चिकटवतात: कधी तपासलं, किती फरक निघाला, पुन्हा कधी तपासायचं. भाच्यानेही डबीच्या पाठीला पांढरी पट्टी लावून फोटो पाठवला. वर लिहिलंय: ‘१८५ = १७२, ५ मिनिटांनी, न ओढता.’ अक्षर त्याच्या बापासारखंच, कोंबडीचे पाय. पुन्हा तपासायची तारीख मात्र लिहिलेली नाही. मी विचारलं तर म्हणतो, "मावशी, घरातलं यंत्र आहे ग ते." त्यावरून आमचं परत वाजलं.